वारा खयसून येता?

कुडाळ एमआयडीसीत माझं पत्र्याचं काम आहे. काजू कारखान्यांची धुराडी, बेकऱ्यांच्या चिमण्या, कधीमधी एखाद्या फाउंड्रीचं डक्ट. सर्फबोर्ड मी लांबून, समुद्रावर पाहिलेला तेवढाच. गेल्या एप्रिलमध्ये पेडण्याकडच्या, सर्फबोर्ड बनवणाऱ्या एका तरुण कारखानदाराचा फोन आला, "दादा, माझो पंखो ल्हान पडता. मोठो बसवून देशात?" मोठा पंखा मागणारं गिऱ्हाईक कोणाला नको असतं! बांदा, पत्रादेवी करत साडेदहाला पोचलो.

पत्र्याची शेड, मध्ये प्लायची भिंत घालून दोन खोल्या केलेल्या. एकीत फोमला आकार देणं आणि घासकाम, दुसरीत रेझिनचं, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनाचं काम. घासकामाच्या खोलीत पाय ठेवला तर चपलेचा ठसा उमटला. फोमचा चुरा थर्माकोलसारखा पांढरा आणि हलका, पण त्याच्या खाली पिठासारखी बारीक धूळ होती. ती वाळलेल्या रेझिनची आणि काचेच्या तंतूंची. अंगाला खाज आणतात ते तंतू. त्यातले जाडसर नाकात-घशातच अडकतात, खरी आत जाते ती रेझिनची भुकटी.

मालकाची तक्रार मात्र तब्येतीची नव्हतीच. बोर्डाच्या शेवटच्या चकचकीत हातात कण बसत होते. बोट फिरवलं की रव्यासारखे लागायचे. परत घासा, परत हात मारा. म्हणून पठ्ठ्यानं रेझिनच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या प्लॅस्टिक लावून रुंद टेपनं बंद केल्या होत्या आणि छताला अठरा इंची एक्झॉस्ट बसवला होता.

आत वेंगुर्ल्याकडचा एक कारागीर बोर्डावर फायबरचा कपडा अंथरून त्यावर रेझिन ओढत होता. झकास हात. तोंडाला एन-९५, खाली चांगली मूठभर दाढी. मी विचारलं, "वास लागता?" तो म्हणाला, "आता नाय लागणा. सांजेक डोक्यां जड होता आणि जेवाण गोड लागणा नाय." मला तिथेच चरकलं. या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन नावाचं वाफ होऊन उडणारं रसायन असतं, साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्याचा वास नाकाला अगदी थोड्यातही कळतो आणि थोड्या वेळानं नाक मरतं. एन-९५ धूळ अडवतो, वाफेला त्याचा काही उपयोग नाही. वाफेसाठी कोळशाच्या डब्या लावलेला मास्क लागतो. तोही त्यांच्याकडे होता! भिंतीवर खिळ्याला टांगलेला, रेझिनच्याच खोलीत. म्हणजे त्या डब्या रात्रंदिवस फुकटचा वास पिऊन बसलेल्या. आणि दाढीवर तो मास्क चिकटून बसतच नाही.

वारा कुठे जातोय ते बघायला मी उदबत्ती मागणार, तोच कारागिरानं कोपऱ्यातल्या देवाच्या फोटोपुढची जळती उदबत्ती उचलून माझ्यासमोर धरली. खिशातला थर्मामीटर ३३ अंश दाखवत होता. स्टायरिनचा फ्लॅश पॉइंट ३१. म्हणजे आमच्याकडच्या एप्रिलमध्ये उघड्या बादलीवरची वाफ नुसत्या ठिणगीनं पेटू शकते. शेजारी हात धुवायला ॲसिटोनचा डबा, तो तर त्याहून वाईट. उदबत्ती मी बाहेर नेऊन वाळूत खुपसली आणि देवाला त्याच दिवशी पडवीत हलवायला लावलं. देवाची हरकत दिसली नाही, मालकाच्या आईची थोडी होती.

मग वातींसाठी ठेवलेला कापूस घेतला. त्याची चिंचोक्याएवढी पिंजर दोऱ्याला बांधून काठीला लावली. पंखा चालू. दाराजवळ गेलो तर दार आत ओढलेलं, उघडायला जोर लागला. दाराखालच्या दोन बोटं फटीत कापूस धरला तसा तो आडवा झाला. आणि हे दार घासकामाच्या खोलीतलं!

मालक बघतच राहिला. पंखा हवा बाहेर टाकतो तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. खिडक्या चिकटवल्यावर तिला ही एकच वाट उरली होती. गेले चार महिने तो स्वतःच्याच पंख्यानं शेजारच्या खोलीतली धूळ ओल्या बोर्डावर ओढून घेत होता. मोठा पंखा बसवला असता तर धूळ आणखी जोरात आली असती.

दुसरा कापूस बोर्डावर धरला. तो वर, कारागिराच्या नाकाच्या दिशेनं गेला आणि तिथून छताला. स्टायरिनची वाफ हवेच्या साडेतीनपट जड, म्हणून ती जमिनीवर बसते, असं सगळे सांगतात. शुद्ध वाफेपुरतं ते खरं आहे, बादलीच्या काठावरून ती खाली ओघळते. पण एकदा खोलीच्या हवेत मिसळली की वारा नेईल तिकडे जाते. इथे वारा तिला नाकावरून नेत होता.

जेवताना मालकानं फोमची गोष्ट सांगितली. ५ डिसेंबर २००५ ला कॅलिफोर्नियातल्या क्लार्क फोमनं एका दिवसात काम बंद केलं. अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांचा फोम तिथून यायचा, सर्फवाले त्या दिवसाला 'ब्लँक मंडे' म्हणतात. तिथल्या मालकानं पत्र पाठवून जी कारणं दिली त्यात फोम बनवायला लागणाऱ्या टीडीआय या विषारी रसायनावरून सरकारी खात्यांशी चाललेली ओढाताण होती. आमच्या गड्याचा फोम तयार येतो, त्यामुळे टीडीआयची कटकट त्याच्या दारात नाही. मी म्हटलं, तुझ्या वाट्याला आहे तेवढं पुरे आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं स्टायरिनला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय. तो जेवायचा थांबला. मी तरी ताटावर सांगायला नको होतं.

दुपारी कागदावर आखलं. छताचा पंखा बंद, त्याची मोटर वाफेच्या वाटेतच होती. नवा पंखा बोर्डाच्या पलीकडच्या भिंतीत, टेबलाच्या उंचीला, मोटर हवेच्या वाटेबाहेर. कारागिराच्या पाठीमागच्या भिंतीत मोठी खिडकी, तिला फिल्टर. म्हणजे ताजा वारा पाठीवरून येऊन बोर्डावरून पुढे जाईल. घासकामाच्या खोलीला स्वतंत्र ओढ, रेझिनच्या खोलीपेक्षा जास्त, म्हणजे फटीतला वारा उलटा वाहील.

तिथेही एक गंमत होती. घासायच्या घोडीवर दोन फुटांवर सहा इंची लवचीक पाइप टांगलेला. "तो ओढता मां!" मालक म्हणाला. पाइपच्या तोंडाशी कापूस फाडफाड उडाला. सहा इंच लांब नेला तर जेमतेम हलला, दोन फुटांवर मेल्यासारखा लटकला. तोंडाच्या रुंदीएवढं अंतर गेलं की ओढ दहाव्या हिश्शावर येते. फुंकर लांबून लागते, ओढ लागत नाही. ग्राइंडरलाच आवरण लावून व्हॅक्यूम जोडायला सांगितला.

आठ दिवसांनी सगळं बसवलं. कापसानं तपासलं, फटीतला वारा उलटा झाला होता. कारागीर दाढी काढून आला होता, मी ओळखलंच नाही.

आणि संध्याकाळी शेजारच्या काकी कुंपणाशी. त्यांच्या खळ्यात आमसुलं वाळत घातलेली आणि माझ्या नव्या पंख्याचं तोंड नेमकं तिकडे! "माझ्या सोलांक रंगाचो वास मारता." चूक माझीच. आतला वारा बघण्याच्या नादात बाहेरचा बघायचा राहिला. पदरमोड करून छताच्या वर दहा फूट सरळ चिमणी चढवली. मालकाला तिच्यावर छत्री हवी होती, कोकणातला पाऊस! मी नाही म्हटलं. छत्रीवर आपटून वास परत खालीच येतो. चिमणीच्या डोक्यावर थोडी रुंद बाही चढवली, आत शिरलेलं पाणी कडेनं बाहेर पडावं म्हणून.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. मला वाटलं, पाणी आलं. "पाणी नाय इला," तो म्हणाला. "काकीन तुमका सोलां पाठवल्यानी हत."