अर्ध्या गोळीचा हिशेब

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझे औषधांचे दुकान आहे. गिऱ्हाइकांत यंत्रमाग कामगार, विडी वळणाऱ्या बायका आणि त्यांच्या घरची माणसे यांचाच भरणा. मे महिन्यातल्या एका दुपारी, पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असताना, नानांची मुलगी ओआरएसची पाकिटे मागायला आली. "नानांना ऊन बाधलंय ताई. घाम थांबेना, हात कापायलेत, चार रात्री डोळ्याला डोळा नाही," असे ती म्हणाली. पाकिटे काढता काढता मी थबकले, कारण पाचच दिवसांपूर्वी मी नानांना याच काउंटरवरून रिकाम्या हाताने परत पाठवले होते.

नाना टॉवेल कारखान्यातून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर झोप उडाली म्हणून त्यांना अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅमची गोळी काही दिवसांपुरती लिहून दिली होती आणि ती सहा वर्षे रोज रात्री चालू राहिली. माझ्याकडे ते प्रथमच आले, तेही घड्यांवर फाटलेली जुनी चिठ्ठी घेऊन. हे औषध शेड्यूल एच-१ मधले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच आणि कडक नियमांनी विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतले आहे. मार्च २०१४ पासून त्याच्या प्रत्येक विक्रीची डॉक्टरांच्या आणि रुग्णाच्या नावासह वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. मी नकार दिला आणि तो योग्यच होता. पण त्याला जोडून "सवय लागते नाना, आता सोडूनच द्या," असेही मी म्हणाले. ते सांगण्याचा मला अधिकार नव्हता आणि ते चुकीचेही होते. नानांनी मात्र ते तंतोतंत पाळले.

दुकान दुसऱ्या फार्मासिस्टवर सोपवून मी त्यांच्या घरी गेले. नाना खाटेवर बसले होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी बशीवर त्याचा खडखडाट होत होता. शेजारी माग चालू होता. "जन्म मागापाशी गेला ताई, आणि आता ही खटखट डोक्यात शिरायलीय," असे ते म्हणाले तेव्हा माझी शंका उरली नाही. ही गोळी मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेचा जोर वाढवते. वर्षानुवर्षे ती मिळत राहिली की मेंदू स्वतःचा लगाम सैल सोडतो. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरते, त्यामुळे ती एकाएकी थांबवली की एक-दोन दिवसांतच थरथर, घाम, धडधड, निद्रानाश सुरू होतो. आवाज आणि प्रकाशही सोसवत नाहीत. माणसाला वाटते, जुने दुखणे उलटले. काहींना तर फिट येते, आणि माझ्या जिवाला खरा घोर त्याचाच होता.

रिक्षा करून आम्ही त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी तपासून तीच गोळी पूर्वीच्याच मात्रेत पुन्हा सुरू केली. मुलीला ते पटेना. सुटलेली गोळी परत कशाला, असे तिने दोनदा विचारले. ती सुटली नव्हती, तुटली होती, एवढेच डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांत हात थांबले.

जूनच्या मध्यापासून खरी उतरण सुरू झाली. ०.२५ च्या दोन गोळ्यांऐवजी दीड, मग एक, मग अर्धी, आणि प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. नाना दर शनिवारी कॅलेंडरचे पान घेऊन येत. प्रत्येक तारखेखाली झोपेचे तास पेन्सिलीने लिहिलेले असत. एका आठवड्यात सलग तीन दिवस "२" हा आकडा होता. अर्ध्या गोळीवर ते सर्वांत जास्त अडखळले, तेव्हा डॉक्टरांनी चाराचे सहा आठवडे केले. गोळी सुरू करताना ती कधी आणि कशी थांबवायची हेही लिहिलेल्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर फार थोड्या येतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सप्टेंबरअखेर ती अर्धीही सुटली. कोजागरीला गल्लीतल्या मंडळींबरोबर नाना तुळजापूरला चालत गेले आणि दोन दिवसांनी पायाच्या फोडांसाठी मलम न्यायला दुकानात आले. झोपेचे विचारले, तर म्हणाले, "तीनला जाग येतीय अजून. पडून राहतो. पाचच्या आत परत डोळा लागतोय."