सूर्यास्ताचे फोटो आणि चारित्र्याचा दाखला

लक्षद्वीपला सूर्यास्ताचे फोटो काढायला जायचं तर ट्रायपॉडच्या आधी पोलिसांचा दाखला लागतो, असं सहलवाल्याने फोनवर सांगितलं तेव्हा मला थट्टाच वाटली. पण तिथे परवान्याशिवाय उतरता येत नाही, १९६७ सालापासूनचा नियम आहे. अर्ज, ओळखपत्र, फोटो, बेटावरच्या कोणाची तरी हमी हे सगळं घरबसल्या झालं. राहिलं फक्त राहत्या भागातल्या पोलीस ठाण्याचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र.

अर्ज ऑनलाइन भरला, कारणात सरळ 'पर्यटन' लिहिलं. ठाण्यातून फोन आला, कागद घेऊन या. गेलो.

"लक्षद्वीप आपल्याच देशात ना? मग दाखला कशाला?"

"तिकडे मागतात, साहेब."

"कंपनीचं पत्र आणा."

"मी माझ्या पैशाने चाललोय."

"मग मागितलं कोणी?"

सहलवाल्याचा मेल मोबाइलवर दाखवला. त्याची प्रिंट हवी होती. प्रिंट नेली तर ती घेणारे हवालदार गणपतीच्या बंदोबस्तावर. ते उगवले तेव्हा विसर्जनही उरकलं होतं. मग भाडेकरार नोंदणीकृत आहे का, मूळ गावचा पत्ता वेगळा का, दोन साक्षीदार कुठे. साक्षीसाठी समोरच्या काकूंना विचारलं तर मला परदेशात नोकरी लागली असं समजून त्यांनी पेढेच मागितले. साक्षीदार नेले त्या दिवशी साहेब कोर्टात. अर्जाची स्थिती काही हलेना, आणि दाखल्याशिवाय परवान्याचा अर्ज पुढे सरकेना. तिकडे अगत्तीच्या, म्हणजे लक्षद्वीपमधल्या विमानतळाच्या बेटाच्या, विमानाचं भाडं रोज वाढत होतं. त्या बाकावर बसून मी एवढा चिडलो होतो, की माझ्या चारित्र्याबद्दल माझीच खात्री उरली नव्हती.

कोंडी फुटली ती एका कागदाने. लक्षद्वीप प्रशासनाच्या संकेतस्थळावर परवान्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी आहे. तिची प्रिंट काढली, पोलीस दाखल्याच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली आणि सकाळच्या हजेरीनंतर थेट 'गोपनीय'च्या, म्हणजे ठाण्यात असे दाखले बघणाऱ्या विभागाच्या, टेबलावर ठेवली. तिथल्या बाईंनी ती वाचली, "हे आधी द्यायचं ना," म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात दाखला हातात पडला. आधी द्यायचं म्हणे! आधी कोणी मागितलं असतं तर! असो. तुम्ही पहिल्याच फेरीला ती प्रिंट न्या. आणि विमानाचं तिकीट दाखल्यानंतर काढा, कोणी कितीही घाई केली तरी.

कोचीहून अगत्तीला छोटं विमान जातं, साधारण दीड तास. सामानाच्या वजनावर मर्यादा असते, म्हणून जड लेन्स पोटाशी धरल्या. उतरल्यावर परवाना तिथल्या पोलिसांना दाखवावा लागतो. ते काम चहा थंड व्हायच्या आत झालं, हे मुद्दाम नोंदवतो.

आता फोटोंचं. अगत्ती, कवरत्ती, कदमत, मिनिकॉय या बेटांचं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कडेने समुद्रापासून अडवलेलं पाणी, पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य थेट उथळ, शांत पाण्यावर मावळतो. लाटा लांब प्रवाळाच्या कडेवर फुटतात, तिथे क्षितिजाखाली पांढरी रेघ उमटते. ही रेघ फोटोत यायलाच हवी, नाहीतर तो कुठल्याही किनाऱ्याचा सूर्यास्त दिसतो. अंद्रोथला असं लगून नाही, तेव्हा फक्त यासाठी जात असाल तर बेट निवडतानाच बघून घ्या.

दिवाळीनंतर सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो. बिंबाचा खालचा काठ पाण्याला टेकला की पुढे जेमतेम सव्वादोन मिनिटं मिळतात, त्यामुळे लेन्स बदलायची ती आधीच बदला. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते माप, बिंबाच्या बाजूच्या आकाशावर घ्या आणि थोडं कमीच ठेवा. टेलीलेन्स लावून व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, डोळे जातील, स्क्रीनवर बघा. ट्यूना पकडायला गेलेल्या गळाच्या होड्या संध्याकाळी परततात. त्यातली एखादी उजेडाच्या पट्ट्यात येईपर्यंत मी थांबलो, आणि जो फोटो मिळाला तो माझ्या आजवरच्या फोटोंत सगळ्यात चांगला आहे, हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. बिंब बुडालं की बरेचजण ट्रायपॉड गुंडाळतात. गुंडाळू द्या. पुढची पंधरा-वीस मिनिटं लगून जांभळं होतं आणि समोर कोणी नसतं.

मघाशी राहिलं: एसी खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नका, काचेवर दव धरतं, बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा. खारं वारं लागलेली लेन्स कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाच्या कणांनी ओरखडे पडतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग ओलसर कापड. परवान्याच्या दोन-तीन झेरॉक्स बॅगेत ठेवा, कोणीही कधीही मागतं. आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, खिशात घालू नका. ते बेकायदा आहे.