सायबाच्या फेस्ताला पायी: सावंतवाडी ते जुने गोवे

२४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेविअरची, म्हणजे गोव्याच्या ‘सायबा’ची, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त, त्याचा सण. त्या दिवसांत बेळगावकडून आणि सिंधुदुर्गातून माणसं चालत येतात. आम्ही सावंतवाडीहून निघतो. इन्सुलीचा घाट उतरून बांदा, पुढे पत्रादेवी, धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, बेती आणि नदीपलीकडे पणजी, रायबंदर. सारं मिळून साधारण ७० किलोमीटर, मुक्काम दोन. फेस्ताच्या दिवशी सकाळी पोचायचा बेत करू नये. दमलेला माणूस त्या गर्दीत उभा राहू शकत नाही, मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) तर मन मुळीच लागत नाही. १ किंवा २ तारखेच्या संध्याकाळी पोचणं बरं.

निघण्याआधी आपल्या चर्चमध्ये पापनिवेदन करून घ्यावं. नवे बूट घालून तर कोणीच निघू नये. महिनाभर वापरलेले, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असलेले बूट हवेत, कारण चालून चालून पाय सुजतो. मोजांचे तीन जोड, व्हॅसलिन, सुई, निर्जंतुक पट्ट्या, ओआरएस, टॉर्च, अंगावर चमकणारी पट्टी. नोव्हेंबरअखेरीस पहाटे दव पडतं आणि दहानंतर ऊन भाजतं, म्हणून पहाटे चार ते दहा आणि दुपारी चार ते सात एवढंच चालायचं. ताशी चार किलोमीटर पुरे. महामार्गावर एका रांगेत, उजव्या कडेनं, म्हणजे समोरून येणारा ट्रक दिसतो.

पहिल्या दिवशी सगळे फार वेगानं चालतात, आणि दुसऱ्या दिवशी म्हापशाआधीच गुडघा धरतो. बऱ्याचदा दोष गुडघ्याचा नसतो. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे तासन्‌तास एक पाय वर आणि एक खाली पडतो. मधूनमधून मातीच्या सपाट पट्ट्यावर उतरावं.

पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची, जपमाळ चालता चालता वीस-पंचवीस मिनिटांत होते, म्हणजे एका माळेत दीडेक किलोमीटर. माळेबरोबर येशू आणि मारिया यांच्या जीवनातल्या घटनांचं, म्हणजे ‘रहस्यां’चं, मनन करायचं: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. पुढचा घोळका ‘नमो मारिया’ ही प्रार्थना अर्धी म्हणतो, मागचा घोळका उरलेली अर्धी. घाटात मोठ्यानं म्हणू नये, दम लागतो आणि शब्द तुटतात. माळ झाली की एक तास मौन. खरी वारी याच तासात सुरू होते, आणि माणूस अडखळतो तोही इथेच.

बहुतेक जण नवस घेऊन आलेले असतात. मुलाची नोकरी, आईचं ऑपरेशन, लग्न, कर्ज. मागणं चुकीचं नाही. भाकर मागणाऱ्या मुलाला कोणता बाप दगड देतो, असं प्रभू येशूनंच विचारलं आहे. पण मौनात मनाचा हिशेब सुरू होतो: मी एवढं चाललो, आता देवानं माझं काम करावं. काम झालं तर देव चांगला, न झालं तर आपलंच काही चुकलं किंवा देव रागावला. अशा हिशेबात देवाच्या चांगुलपणाला जागाच उरत नाही, तो आपल्या निकालावर टांगलेला राहतो. आमची श्रद्धा सांगते की देवात वाईटाचा लवलेश नाही. आजार तो धडा शिकवायला पाठवत नाही, मूल हिरावून कोणाची परीक्षा पाहत नाही. जगात दुःख का, याचं पूर्ण उत्तर आमच्याजवळ नाही. आमच्याजवळ क्रूस आहे: दुःखाला लांबून परवानगी देणारा नव्हे, त्यात स्वतः उतरलेला देव.

म्हणून मौनासाठी आम्ही एक क्रम ठरवला आहे. आधी तक्रार, खरीखुरी, न सजवता. बायबलमधल्या तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘कुठवर’ असं विचारून होते, अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, आणि तरीही दोन्ही प्रार्थनाच आहेत. मग आपली भीती नावानिशी सांगायची, ‘सगळं नीट होऊ दे’ असं गोलमाल नाही. मग स्तोत्र १२१, यात्रेकरूंचं, पाय ढळू न देणाऱ्या देवाचं. आणि शेवटी क्रूसावर जाण्याआधीच्या रात्रीची, गेथशेमनी बागेतली येशूची विनंती: हा प्याला टळू दे, तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. दोन्ही अर्धे म्हणायचे. नुसता दुसरा अर्धा म्हणणारा बहुधा मनातलं दडवतो.

आणखी एक गोष्ट. बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वाक्य आधार म्हणून फार फेकलं जातं. पौल म्हणतो, देव सगळ्या गोष्टींतून कल्याण घडवतो. सगळ्या गोष्टी चांगल्या असतात असं तो कुठेच म्हणत नाही. ज्याच्या घरी मयत झालं आहे त्याला वाटेत ‘देवाची मर्जी’ ऐकवू नका. त्याची पिशवी घ्या आणि त्याच्या चालीनं चाला.

मुक्कामावर आधी पाय, मग जेवण. फोड घर्षणानं येतो, आणि घामानं ओल्या मोज्यात लवकर येतो. लहान असेल तर हात लावू नये. मोठा, ताणलेला असेल तर साबणानं धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी तशीच ठेवावी आणि पट्टी लावावी. कातडी सोलली की दुसऱ्या दिवशी पाऊल टेकवत नाही. मधुमेह असलेल्यानं सुई लावू नये, डॉक्टर गाठावा. आमच्यात हे काम ज्याचं त्यानं करायचं नाही, दुसऱ्यानं करायचं. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, ते इथे कळतं. नंतर उकड्या तांदळाची पेज, मीठ, लोणचं. घामात गेलेलं मीठ आणि पाणी तिनं भरून येतं.

तिसऱ्या दिवशी बेतीला फेरीबोट मिळते. ती येते, माणसं चढतात, थोड्या वेळात पणजी. झेविअरची चीनला न्यायची नाव मात्र आली नव्हती. १५४२ च्या मे महिन्यात तो गोव्यात उतरला. दहा वर्षांनी चीनला जायचं म्हणून तिथल्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर थांबला. मुख्य भूमी जवळच होती, कँटन या चिनी शहराला न्यायचं कबूल केलेला व्यापारी फिरकलाच नाही, आणि ३ डिसेंबर १५५२ ला ४६ वर्षांचा झेविअर तिथेच तापानं गेला. जवळ अंतोनियो नावाचा एक चिनी सोबती होता. ज्याच्याकडे आपण नवस घेऊन जातो, त्याचं स्वतःचं शेवटचं मागणं पुरं झालं नाही. चर्चनं १६२२ मध्ये त्याला संत म्हटलं. बेतीच्या धक्क्यावर आम्ही एवढं सांगतो आणि गप्प राहतो. नवस फेडायला आलेला आणि नवस न फळलेला, दोघांनाही ते ऐकू द्यावं.

रायबंदरचा जुना बांध ओलांडला की शेवटचे काही किलोमीटर. बाँ जेझूच्या बासिलिकात (मोठ्या चर्चमध्ये) झेविअरचं शव असलेली चांदीची पेटी उंच संगमरवरी समाधीवर आहे. ती खाली आणतात दर दहा वर्षांनी, शवप्रदर्शनाला. गेलं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं. पहिल्यांदा येणाऱ्याला हात लावायला मिळेल असं वाटतं, तसं नाही हे त्याला आधीच सांगून ठेवावं. रांगेत ढकलाढकली न करता एक ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणावं आणि बाहेर मिस्सेला बसावं.

घरी परतल्यावर चार-पाच दिवस पाय कोमट मिठाच्या पाण्यात ठेवावे. ज्यांच्यासाठी वाटेत माळ म्हटली त्यांची यादी आम्ही जपून ठेवतो, आणि नाताळाआधी त्या घरांत जातो. ज्यांचं मागणं अजून तसंच आहे, त्यांच्या घरी आधी.