घुमणारा आवाज नेमका कोणत्या चाकाचा? माझ्या हॅचबॅकची नोंद

ओडोमीटर 71,240. गेले तीन आठवडे गाडीचा वेग ताशी 50 किलोमीटरवर गेला की खालून भुंगा घोंघावल्यासारखा आवाज सुरू होत असे आणि 80 पर्यंत तो चढत जात असे. सातारा रस्त्यावर खेड शिवापूरच्या पुढे मोकळा पट्टा मिळाला, तेव्हा एकाच वेगाने तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहिली. इंजिनाचे फेरे बदलले, पण आवाजाचा सूर तसाच राहिला. म्हणजे तो चाकांच्या बाजूचा होता.

मागच्या टायरांवरून हात फिरवल्यावर एका दिशेने ते गुळगुळीत लागले, तर उलट दिशेने नक्षीच्या ठोकळ्यांच्या कडा बोटांना अडकल्या. अशी झीज झालेले टायरही असेच घुमतात, शिवाय मागे बसलेल्या मुलीला आवाज डावीकडून येतो असे वाटत होते. म्हणून पुढची आणि मागची चाके आपसांत बदलली. आवाज टायरांचा असता तर त्याची जागा तरी बदलली असती. तसे काहीच झाले नाही. ही चाचणी डांबरी रस्त्यावरच करावी, कारण द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर चांगले टायरही बरेच वाजतात.

खरा सुगावा खंबाटकी घाटात लागला. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. नेमका तेव्हाच आवाज वाढत होता आणि उजव्या वळणावर जवळजवळ थांबत होता. म्हणून संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर गेला, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या छर्ऱ्यांच्या भागावर.

घरी पुढची बाजू जॅकवर उचलून स्टँडवर टेकवली आणि उजवे चाक वर-खाली धरून हलवले, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नव्हता. तेवढ्यावरून बेअरिंगला निर्दोष ठरवणे मला घाईचे वाटते, कारण छर्ऱ्यांची वाट खराब झाली तरी चाक बराच काळ घट्ट राहते. कॉइल स्प्रिंगवर बोटे टेकवून चाक हाताने फिरवले, तेव्हा जात्यात वाळू दळली जावी तशी बारीक थरथर बोटांना जाणवली. डाव्या चाकाला तिचा मागमूसही नव्हता.

नकल (बेअरिंग ज्यात बसते तो चाकामागचा धातूचा भाग) काढून दाबयंत्र, म्हणजे प्रेस, असलेल्या वर्कशॉपमध्ये नेला. या कामात दोन गोष्टींवर मी स्वतः लक्ष ठेवले. नवे बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त त्याच्या बाहेरच्या कड्यावर (रिंगवर) यायला हवा. आतल्या कड्यावर दिला तर तो छर्ऱ्यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगलाही खळगे पडतात. दुसरे म्हणजे, माझ्या गाडीत एबीएसची (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकी पट्टी बेअरिंगच्या एका सीलमध्येच आहे आणि तिच्यावरून सेन्सर चाकाचा वेग ओळखतो. स्टेपलरची पिन लावून ती बाजू ओळखली आणि सेन्सरकडे ठेवली. अॅक्सलचा नट नवाच घेतला आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळला.

ओडोमीटर 71,402. तोच रस्ता, तोच 80 चा वेग आणि घोंघावणे पूर्ण गेले आहे. आता त्याखाली दबलेली टायरांची हलकी गुणगुण ऐकू येते, आणि ती पुढून येते, जिथे मागचे झिजलेले टायर मी बसवले आहेत.