पट 29 झाला त्या वर्षीचा शनिवार

शाळा पहिली ते पाचवी, दोन शिक्षकी, यवतमाळ जिल्ह्यात केळापूरच्या बाजूला. गाव कापसाचं, लागूनच कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. त्या वर्षी पट 33 वरून 29 वर आला. चार मुलं कमी झाल्याने वर्गात फरक जाणवत नाही, हिशोबात मात्र जाणवतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाच्या खर्चासाठी संयुक्त शाळा अनुदान मिळतं; त्याच्या निकषात 31 ते 100 पटाला 25 हजार आहेत आणि 30 पर्यंत 10 हजार. खोल्या तेवढ्याच, वीजमीटर तेच, खडू तेवढाच लागणार, आणि 15 हजार गेले. त्यातही पैसे हप्त्याने मिळतात आणि 31 मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम परत जाते.

जुलैमधल्या एका शनिवारी सकाळची शाळा होती आणि शाळा सुटल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची सभा. खर्चाचा ठराव त्याच सभेत व्हायचा होता. म्हणून सभेआधी तिसरी ते पाचवीच्या 18 मुलांची एकेक करून पडताळणी करायचं आम्ही दोघांनी, मी आणि मॅडमनी, ठरवलं. कोणतं मूल कुठे अडलंय हे समोर असेल तरच दहा हजार कुठे घालायचे ते बोलता येतं. एका मुलाला साधारण आठ मिनिटं लागतात. दोघांनी वाटून घेतलं तर सव्वा तासात काम होतं. तेवढा वेळ पहिली-दुसरीची 11 मुलं माता गटातल्या दोघींनी सांभाळली.

पद्धत साधीच होती. चार छोट्या वाक्यांचा, जोडाक्षरं नसलेला उतारा आधी पुढे ठेवायचा. तीनपेक्षा जास्त चुका न करता, न अडखळता वाचला तर आठ-दहा वाक्यांची गोष्ट द्यायची. उतारा जमला नाही तर शब्द: कोणतेही पाच, त्यातले चार बरोबर हवेत. तेही नाही जमले तर अक्षरं, तोच नियम. मूल पाटावर शिक्षकाच्या समोर न बसता शेजारी बसतं, म्हणजे त्याचं बोट दिसतं. दुसरी मुलं ऐकू येणार नाहीत इतक्या अंतरावर हवीत, आणि उताऱ्याचे तीन वेगळे नमुने हवेत. एकच नमुना असला की पाचवं मूल येईपर्यंत तो वर्गभर पाठ झालेला असतो. शिक्षकाने ओठ हलवायचे नाहीत. हे सांगायला सोपं आहे, पण मूल 'क'वर थांबलं की आपलं तोंड आपोआप उघडतं.

चौथीतला एक मुलगा आला. हा मुलगा वाचतो असं घरचे सांगत, शेरेवहीतही तसंच लिहिलेलं. पुस्तकातली कविता त्याने घडाघडा म्हटली. बोट शब्दांवरून फिरत होतं, पण आवाज तिसऱ्या ओळीत आणि बोट अजून दुसरीत. जाड कागदाला बोटभर लांब खाच पाडून तो पानावर ठेवला. एका वेळी एकच शब्द दिसेल असा. तोच मुलगा, तीच कविता, फक्त शब्द शेवटून सुरुवातीकडे. 'पाऊस' त्याला वाचता आला नाही. 'प' सांगितला, पुढचं चाचपडत 'पाणी' म्हणाला. अक्षरं सगळी येत होती, काना-मात्रा लागत नव्हत्या. शिक्षकाच्या मागे सगळ्यांनी एकत्र म्हणण्याच्या वाचनात असं मूल वर्षानुवर्षं लपतं, कारण वीस आवाजांत त्याचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. खाचेचा कागद आता दोन्ही वर्गांत खिळ्याला टांगलेला असतो.

पोडावरची काही मुलं 'ख'ला 'क' आणि 'भ'ला 'ब' म्हणत होती. त्यांच्या घरची भाषा कोलामी. तिथे चूक मोजली नाही. त्याच मुलांनी 'ख'चं कार्ड पाच कार्डांतून बरोबर उचलून दिलं. वाचन आणि उच्चार यांची गल्लत केली तर चांगलं वाचणारं मूल खालच्या गटात जाऊन बसतं.

गणितात आधी हातच्याच्या दोन वजाबाक्या द्यायच्या. दोन्ही बरोबर आल्या तर भागाकार, नाहीतर 10 ते 99 मधल्या संख्या ओळखायला लावायच्या. 52 वजा 27 चं उत्तर सात मुलांनी 35 लिहिलं. ही निष्काळजी चूक नव्हे, त्यामागे ठाम नियम आहे: वरचं खालचं न बघता मोठ्यातून लहान वजा. फुली मारून 25 लिहून दिलं तर नियम तसाच राहतो आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा दिसतो. सत्तावन्न ऐकून 75 लिहिणारीही तीन मुलं निघाली.

सकाळ संपली तेव्हा कागदावर असं होतं: गोष्ट वाचणारे 4, उताऱ्याचे 5, शब्दांवर अडलेले 5, अक्षरांवर 4. अक्षरांवरच्या चौघांत पाचवीतली एक मुलगी होती.

सभेत अध्यक्षांचा आग्रह बोलक्या भिंतींचा, म्हणजे भिंतींवर अक्षरं-चित्रं रंगवण्याचा होता. शेजारच्या गावच्या शाळेला रंग लागला होता आणि पट टिकवायचा तर शाळा दिसायला चांगली हवी, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण 18 नावांचा कागद वाचून दाखवल्यावर मागून एक आई म्हणाली, "भितीले रंग देल्ल्यानं पोट्टे वाचाले लागन काय, गुरुजी?" त्यानंतर चर्चा आकड्यांवर आली.

ठराव असा झाला. स्वच्छतेवर 1,000, कारण किमान 10 टक्के तिथे लागतातच. वीज 3,000. खडू, रजिस्टर, कोरे कागद 1,500. वाचनाचे उतारे आणि गोष्टी यांच्या झेरॉक्स 2,500. दुरुस्ती 1,000, राखीव 1,000. पहिला हप्ता अर्धाच आला तर वीज आणि झेरॉक्स आधी, बाकीचं थांबेल, हेही त्यातच लिहून घेतलं. झेरॉक्सवाल्याला त्याच आठवड्यात सांगून त्याचं बँक खातं आणि पक्कं बिल यांची सोय केली. रोखीने देता येत नाही, आणि मार्चच्या शेवटच्या दिवसांत नवा विक्रेता नोंदवायला गेलं की पैसे हातात असून परत जातात. अध्यक्षांच्या रंगाचंही झालं, पण वेगळ्या तऱ्हेने: फळ्याचा काळा रंग एक लिटर. दोन हात दिले की त्यात साधारण 4 चौरस मीटर होतात, म्हणजे जमिनीलगत दोन फूट उंचीचा, बावीस फुटांचा पट्टा. मुलांच्या हाताला लागेल एवढाच उंच. सहा फुटांवर रंगवलेली बाराखडी मूल नुसती बघतं, पट्ट्यावर ते लिहितं. पावसाळ्यात भिंतीला ओल असते, तेव्हा लावला तर पापुद्रे सुटतात. म्हणून हे काम दिवाळीनंतर केलं.

गणिताला एक रुपयाही लागला नाही. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आपल्याकडे घरोघरी, कुडाला नाहीतर चुलीला. बोटभर लांबीच्या, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या कापल्या आणि खरखरीत दगडावर टोकं घासली, नाहीतर हाताला काटा शिरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून गठ्ठ्यांना रबर केले. एका जोडीला दहा-दहाचे 9 गठ्ठे आणि 9 सुट्ट्या, एकूण 99 काड्या पुरतात. जास्त द्यायच्याच नाहीत. सुट्ट्या काड्यांचं खोकं शेजारी असलं की मूल हातचा घेताना गठ्ठा न सोडता खोक्यातून दहा उचलतं. मग 52 चे 62 होतात आणि उत्तर दहाने वाढतं. दुसऱ्या काड्याच नसल्या की रबर काढावंच लागतं. 5 गठ्ठे 2 सुट्ट्या यांचे 4 गठ्ठे 12 सुट्ट्या झालेले ते स्वतः बघतं. पहिले काही दिवस वही बंद, फक्त काड्या. मग काड्या मांडून शेजारी लिहायचं, आणि शेवटी काड्या फक्त पडताळ्याला. सत्तावन्नचं 75 होतं तिथेही हाच क्रम: ऐकायचं, आधी गठ्ठे मांडायचे, मग सुट्ट्या, मग लिहायचं.

वेळापत्रकात रोजची पहिली 90 मिनिटं इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे बसवायचं ठरलं, 45 भाषेला, 45 गणिताला. अक्षर-शब्दाची 9 मुलं आणि पहिली-दुसरी माझ्याकडे, उतारा-गोष्टीची 9 मॅडमकडे. वरच्या गटाकडेच अनुभवी शिक्षक हवा असं वाटतं, पण खरी कसोटी खालच्या गटात लागते. पाचवीच्या मुलीला दुसरीच्या मुलांबरोबर बसायला लाज वाटू नये म्हणून गटांना नंबर दिले नाहीत आणि तिचे उतारे वेगळे लिहिले: शब्द सोपे, विषय तिच्या वयाचे. कापूस वेचणी, बाजार, बसचा प्रवास.

बिघडलंही बरंच. गोष्टीच्या गटात 'स्वतः वाचा' म्हटलं की एकच जण मोठ्याने वाचे आणि बाकीचे ऐकत. मग प्रत्येक जोडीने वाचून तीन प्रश्न लिहायचे आणि दुसऱ्या जोडीला द्यायचे असं केलं; उत्तर पुस्तकातल्या ओळीत बोट ठेवून दाखवायचं. सगळ्यात मोठी अडचण मात्र वेचणीची. ऑक्टोबरपासून मोठी मुलं आईबापाबरोबर शेतात जातात, आणि मजुरीचे दिवस असताना घरच्यांना नुसतं रागावून उपयोग नसतो. परतलेल्या मुलाला त्याच दिवशी पाच मिनिटांची पडताळणी, आणि निघेल त्या गटात बसवायचं. सुटलेले धडे वहीत उतरवून घ्यायचे नाहीत. त्यात आठवडा जातो आणि वाचन तिथेच राहतं. संध्याकाळी घरी एक पान वाचायला जायचं. आई निरक्षर असली तरी बोट शब्दाबरोबर सरकतंय का, एवढं ती बघते. हे माता गटात करून दाखवलं होतं.

फेब्रुवारीअखेर त्या अठराजणांत गोष्ट वाचणारे 10 झाले, उताऱ्यावर 5, शब्दांवर 3. अक्षरांवर कुणी नव्हतं. 52 वजा 27 चं उत्तर दोघांचं अजून चुकत होतं. शब्दांवरच्या तिघांपैकी एकाला जवळचं दिसे, फळ्यावरचं नाही. आरोग्य पथकाच्या तपासणीत ते कळलं, आणि ते जुलैच्या पडताळणीत दिसण्यासारखं नव्हतं कारण कागद हातात होता. आता पडताळणीत फळ्यावरचे पाच शब्दही दहा फुटांवरून वाचून घेतो.

कवितेचा मुलगा उताऱ्यावर आलाय. पाचवीची मुलगी गोष्ट वाचते, सावकाश. ती जूनअखेर शेजारच्या गावच्या सहावीत गेली. दाखल्यासोबत तिचा पडताळणीचा कागदही तिथल्या वर्गशिक्षकांच्या हातात दिला, जोडाक्षरांवर अजून काम लागेल असं खाली लिहून.