टपरीवाले काका

"मॅडम, निवडून आलात तर पहिली माझीच टपरी उठवाल ना?" आज ऐरोलीत पत्रकं वाटताना काका हसत बोलले आणि मी पत्रक हातात धरून नुसती उभी.

खरंय ते. किती वर्षं शाळाशाळांत जाऊन पोरांना सांगतेय, २००३ चा कायदा आहे, शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकायची नाही, गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी. आणि काकांची टपरी गेटपासून ४० पावलांवर, लेकाला सोडायला जाताना मीच मोजलीयेत. वर गोळ्यांच्या बरण्या, खाली पुड्यांच्या माळा, बरोब्बर पाचवीतल्या पोराच्या डोळ्यासमोर.

पण मागच्या पावसात मी ट्रेनमध्ये अडकले तेव्हा ह्याच काकांनी लेकाला तासभर टपरीत बसवून ठेवलेलं, वर बिस्किटं दिली, पैसे घेतले नाहीत.

अपक्ष म्हणून १०,००० डिपॉझिट भरताना, १० सूचकांच्या सह्यांसाठी दारोदार फिरताना पण एवढं अवघडले नव्हते हो.

"टपरी राहू दे काका, माळा उतरवा."

"मग भाडं कोण भरणार, आमदार?"

पत्रक मात्र नीट घडी करून गल्ल्यात ठेवलं त्यांनी.

तुम्ही असतात तर काय बोलला असतात?