पंप लावला की रेडिओ बंद

क्वार्ट्झसाइट हे अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातलं लहानसं गाव. उन्हाळ्यात तिथे कोणी फिरकत नाही. हिवाळ्यात मात्र उत्तरेकडच्या थंडीला कंटाळलेली निवृत्त मंडळी ट्रेलर ओढत येतात आणि गावाबाहेरच्या सरकारी जमिनीवर महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात. विजेचा खांब नाही, नळ नाही. बॅटरी, छतावरचं सोलर आणि पाण्याची टाकी, एवढ्यावर संसार. मी गाडीत हत्यारं टाकून या ट्रेलरांच्या दुरुस्त्या करत हिंडतो.

मिनेसोटाहून आलेल्या एका आजोबांची तक्रार होती की रेडिओ मध्येच बंद पडतो आणि चालू झाला की घड्याळ पुन्हा बारापासून. जुना काढून नवा बसवला, तोही तसाच. हल्लीचा माल भिकार, असा त्यांचा निष्कर्ष. फ्यूज ठीक होता. रेडिओ बाहेर ओढून मागच्या वायरींवर मीटर लावला तर चोख १२.६ व्होल्ट.

आधी वाटलं, रंगांची गफलत असेल. आयटीआयला शिकताना काळी वायर म्हणजे न्यूट्रल हे डोक्यात पक्कं बसलेलं. इकडे घरातली काळी वायर जिवंत. ट्रेलरच्या १२ व्होल्टमध्ये काळी बहुतेक वेळा पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह. आणि रेडिओतून निघणारी काळी मात्र निगेटिव्ह! काळीला काळी जोडून फ्यूज उडवणारे पुष्कळ भेटतात. आजोबांनी मात्र जोडणी बरोबर केली होती.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "आलाच आहेस तर पंपही बघ. शॉवरला धारच येत नाही."

रेडिओ नेमका कधी बंद पडतो, हे मी त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "मी भांडी घासायला घेतली की. यांना वाटतं मीच काहीतरी करते."

झालं. नळ सोडायला सांगितला. पंप घुरघुरला, रेडिओ विझला आणि मीटर साडेनऊ व्होल्टपर्यंत उतरला. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर आत आणली आणि मीटरचं एक टोक तिला, दुसरं रेडिओच्या काळीला लावलं. पंप बंद असताना जवळजवळ शून्य, चालू केला की ३ व्होल्ट. तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. म्हणजे पॉझिटिव्ह ठणठणीत, निगेटिव्हच्या वाटेत कुठेतरी जोड ढिला. लोड नसताना करंट वाहत नाही, म्हणून असा जोडही मीटरला निर्दोष दिसतो. पंप सहा-सात अँपिअर ओढायला लागला की त्याचं खरं रूप कळतं.

सिंकखालची फळी काढली. रेडिओची आणि पंपाची पांढरी वायर तिथे एकत्र येऊन पुढे बॅटरीकडे जात होती. तिन्ही टोकं पिरगाळून वर प्लॅस्टिकची टोपी बसवलेली. घराच्या भिंतीत ती वर्षानुवर्षं टिकते; चाकांवरच्या घरात खडखडाटाने सैल होते. टोपी वितळून तपकिरी झाली होती आणि मागचं प्लायवूड काळवंडलं होतं. ३ व्होल्ट गुणिले ६ अँपिअर, म्हणजे १८ वॅट. सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, तीही लाकडाला टेकून. ते बघून आजोबा गप्प झाले. रेडिओची तक्रार केली नसती तर ही फळी कोणी काढली नसती.

जळकी टोकं कापली, क्रिंप मारून, म्हणजे धातूची नळी टोकांवर दाबून, नवा जोड केला, वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली. शॉवरला धार आली. पंप बदलायची गरजच नव्हती. आजोबांनी काढून ठेवलेला जुना रेडिओ बॅटरीला थेट लावून बघितला, तोही उत्तम वाजला.

मग त्यांनी एएम लावलं. नुसती भुणभुण. छतावर चढून पॅनलवर घोंगडी टाकली तर आवाज स्वच्छ! सोलर कंट्रोलर चार्जिंग करताना जो गोंगाट सोडतो तो अँटेनात शिरत होता. कंट्रोलर बदला, नाहीतर त्याच्या वायरींना फेराइटचे, म्हणजे असा गोंगाट शोषणारे, मणी लावून बघा, म्हटलं.

"अंधार पडल्यावर गप्प बसतो ना तो?"

"हो."

"मग राहू दे. दिवसा मी घरात नसतोच."